डाव्या पायाची फळी

बायको गेल्यापासून मी पायपेटीचं काम घेत नाही. एका गावची सोडून.

हातपेटी अजून करतो. तिला एक माणूस पुरतो. एका हातानं भाता हलवायचा, दुसऱ्यानं पट्टी दाबून सूर ऐकायचा. पायपेटीचं तसं नाही. ती टेबलासारखी उभी, आणि खाली पाय ठेवायला दोन फळ्या. स्टुलावर बसून त्या फळ्या पायानं आळीपाळीनं दाबत राहिलं की आत वारा भरतो, आणि वर दोन्ही हात वाजवायला मोकळे राहतात. ती सुरात लावायची तर एकानं समोर बसून पाय मारायचे आणि दुसऱ्यानं मागची झडप उघडून आत डोकं घालायचं. एकेक रीड काढायची, कानशीनं खरवडायची, परत बसवायची, परत ऐकायची. आत डोकं घालणारा मी. पाय मारणारी ती. लग्न झाल्यापासून ती आजारी पडेपर्यंत हेच चाललं.

सून म्हणाली मी बसते. बसली पण. पोरगी चांगली आहे, पण तिचा पाय घाईचा. वारा कमीजास्त झाला की सूर हलतो आणि रीड खरी आहे का खोटी ते कळत नाही. तिच्या ते लक्षात आलं आणि ती उठून भात लावायला गेली.

शाळा माझी तिसरीपर्यंत. जसं बोलतो तसं लिहितोय.

बेळगावात एका बोळात माझ्या मिस्त्रीचं दुकान होतं. मी मूळचा सुतारकामाचा. अनगोळहून चालत यायचो, रंधा मारायचो, सरस शिजवायचो. रीडला हात लावायला मिस्त्रीनं लई वर्षं दिला नाही. पण नंबर बघायचं पहिल्या महिन्यातच शिकवलं, कारण पेटी आली की पहिलं काम तेच असायचं.

त्या वेळी आमच्याकडं ज्या पायपेट्या यायच्या त्यात मोराच्या शिक्क्याच्या जास्त. पट्ट्यांच्या वरच्या अंगाला लाकडात कोरलेला मोर, पिसारा मिटलेला. तो कारखाना कधीच बंद पडला. कागद नाहीत, माणसं नाहीत. राहिला तो नंबर. पेटीच्या पाठीवर खालच्या कोपऱ्यात लोखंडी ठशानं ठोकलेला. मिस्त्रीनं जन्मभर येणाऱ्या प्रत्येक पेटीवाल्याला विचारून विचारून हिशेब बसवला होता. नंबर चार आकडी असला तर बेळगाव म्हैसूर राज्यात जायच्या आधीची पेटी. पाच आकडी असला तर नंतरची. चार आकड्यांतसुद्धा जुनीनवी ओळखायची खूण होती. आधीच्या ठशात इंग्रजी चारचं डोकं उघडं असायचं, नंतर ठसा बदलला आणि ते मिटलं. आकडा वाढत गेला की पेटीचं वय कमी होत जायचं, एवढं डोक्यात ठेवलं की झालं.

लोकांना पेटीचं वय हवंच असायचं. आणि प्रत्येकाची पेटी आजोबाच्या वेळची. एकदा हिरेबागेवाडीकडचे एक पाटील आले, शंभर वर्षांची पेटी घेऊन. मिस्त्रीनं बत्ती धरून नंबर वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, तुमचा धाकटा भाऊ केवढा? पाटलांनी सांगितलं. मिस्त्री म्हणाला, "मग पेटी त्याच्यापेक्षा धाकटी हाय. त्याला दादा म्हणायला लावा हिला." पाटील रागावले, पण पेटी ठेवून गेले.

मिस्त्रीला मूल नव्हतं. तो वारला तेव्हा त्याच्या बायकोनं कानशी, ठसे, शिशाचे तुकडे सगळं एका पोत्यात घालून माझ्या दारात आणून ठेवलं. पुढं घराच्या पडवीतच मी काम करू लागलो.

बायको निपाणीची. तिकडं आमच्या लोकांच्या वस्तीतल्या निम्म्या बायका विड्या वळायच्या, ती पण वळायची. लग्न होऊन आली तेव्हा ट्रंकेबरोबर विड्यांचं सूप आणलं तिनं. सासू हसली होती, माहेराहून सूप आणलंस व्हय गं, धान्य कुठाय. ती दुसऱ्या दिवसापासून पडवीत बसून विड्या वळायला लागली.

पहिल्यांदा पाय मारायला बसली ती अशीच, गरज म्हणून. माणूस मिळेना. मी म्हटलं बस जरा. ती स्टुलावर बसली, दोन्ही पाय फळ्यांवर ठेवले आणि वारा असा एकसारखा आला की मी झडपेतून डोकं बाहेर काढून बघितलं. पट्टीवर मी शिशाचा तुकडा ठेवायचो, म्हणजे ती दाबलेली राहायची. त्यामुळं हिचे हात मोकळे. पुढच्या खेपेला तिनं मांडीवर सूप घेतलं. वर विड्या वळायच्या, खाली पाय चालू. गिऱ्हाइकं हसायची. एक कीर्तनकार म्हणाला, बाई पेटी वळतीया का विडी वाजवतीया ते कळंना झालंय. ती मान वर न करता म्हणाली, "चढलाय." म्हणजे सूर चढलाय, खाली घ्या. कीर्तनकाराला वाटलं त्याचा आवाज चढलाय म्हणते. गप बसला.

हा कान कुठून आला ते मी त्या दिवशी जेवताना विचारलं. तेव्हा तिनं बापाचं सांगितलं.

बाप निपाणीत तंबाखूच्या वखारीत हमाल. थप्पीवरून तंबाखूनं भरलेलं बोदं अंगावर आलं आणि डावा पाय कंबरेपासून लुळा पडला. मग त्यानं पेटी धरली. आधीपासून नाद होताच. आसपासच्या गावांत नाटकं व्हायची, त्यात पायपेटी वाजवायचा. आता डावा पाय हलत नाही तर पायपेटी कशी वाजणार? पेटीला समोरून चादर बांधलेली असायची आणि चादरीआड ही बसलेली. सहा-सात वर्षांची पोर. उजवी फळी बाप पायानं दाबायचा, डावी ही दोन्ही हातांनी. लोक म्हणायचे, लंगडा माणूस पण पाय कसा चालतोय बघा. ही आतून ऐकायची आणि हसू दाबायची. कधी डुलकी लागायची, डावा वारा बंद पडायचा, नाटकातला राजा गाण्याच्या मधेच कोरडा पडायचा. मग बाप उजवा गुडघा हिच्या डोक्यावर हळूच आपटायचा.

"हात सटकायचा माझा," ती म्हणाली. "म्हणून बाबानं फळीच्या काठाला खालनं खाचा करून दिल्या. चार. बोटं अडकवायला."

मी विचारलं, कुठल्या शिक्क्याची पेटी?

"मोर व्हता. त्येच्या पोटात बोट घालायची मी."

"आणि नंबर?"

"मला काय वाचता येत व्हतं तवा?"

पण हिशेब सोपा होता. बाप वारला त्याच वर्षी चुलत्यानं पेटी कुणाला तरी देऊन टाकली. पुढल्या वर्षी बेळगाव म्हैसुरात गेलं, तो गोंधळ तिला आठवत होता. म्हणजे पेटी चार आकडी. दुसरं काही असूच शकत नव्हतं. मी म्हटलं, मोराची चार आकडी पेटी ह्या भागात असून असून किती असणार. कधी ना कधी माझ्या पडवीत येणार. आली की बघू.

"मिळाली तर काय करणार हाईस?"

ती ताट घासत होती. म्हणाली, "काय न्हाय. एकदा वर बसायचंय. मी निस्ती खालीच बसलीया."

मला ते तेव्हा फार मोठं वाटलं नाही. पण पुढं बघितलं, ती विसरत नव्हती. पेटी आली की हातातली विडी बांधायची, सूप बाजूला ठेवायची आणि उभी राहायची. मी पाठीवरचा नंबर वाचायचो. पाच आकडे निघाले की मान हलवायचो, ती परत सूप घ्यायची. चार निघाले तर म्हणायचो, बघ. मग ती खाली बसून डाव्या फळीच्या काठाखाली हात घालायची. सगळा काठ चाचपायची, टोकापासून टोकापर्यंत. काहीच नसायचं. हात बाहेर काढून पदराला पुसायची आणि गिऱ्हाइकाला म्हणायची, धूळ लई हाय वो आत.

अशी बरीच वर्षं गेली. पोरगा झाला, पोरगी झाली. मी निपाणी, संकेश्वर, हुक्केरी, पार धारवाडपर्यंत पेट्या करायला जाऊ लागलो. जिथं पायपेटी असेल तिथं हिला घेऊन. लोकांना वाटायचं बायकोला फिरवतोय. हिंडणं कसलं, एसटीत उभं राहून जायचं आणि परक्याच्या घरात पाय मारून यायचं. पण ती कुरकुरली नाही. पाच आकडी पेटीखाली मात्र तिनं कधी हात घातला नाही. मीच म्हणायचो, आकडा बसत न्हाय, वेळ घालवू नको.

नंदगडच्या पुढं आत एक गाव आहे. तिथल्या भजनी मंडळाचा निरोप आला. सप्ता तोंडावर आला होता आणि पेटी बोलत नव्हती. भात कापून झालेलं, खळी चाललेली, थंडी होती. आम्ही सकाळच्या गाडीनं खानापूर, तिथून नंदगड, पुढं त्यांनी बैलगाडी पाठवली होती. मंडळाचे एक म्हातारे पुढारी होते, त्यांना सगळे आप्पा म्हणायचे. त्यांनी देवळाचं दार उघडलं. पेटी सभामंडपात, खांबाला टेकून.

इथं एक सांगायला पाहिजे. आम्ही देवळात जात नाही. माझ्या बापानं देव सोडले तेव्हापासून घरात बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, एवढंच. पण पेटी जिथं असेल तिथं कामाला जावंच लागतं, तिथं मी काही बघत नाही. हिच्या बापाच्या वेळची गोष्ट वेगळी होती. नाटक देवळाच्या आवारात असलं तर त्याची पेटी पायरीच्या खाली मांडायची. भजनाला बोलावलं तर भजन आत आणि पेटी बाहेर. पाऊस आला तरी बाहेरच, वर पोतं धरायचं. सगळ्या गावांत नाही, पण बऱ्याच. ती हे रागानं सांगायची नाही. पोतं कुणी धरायचं यावरनं भावाशी भांडण व्हायचं, तेवढंच सांगायची.

मी पेटी पुढं ओढली आणि पाठ बघितली. मोर होता. नंबर वाचला. पाच आकडी, त्यातही पुढचा. ती माझ्याकडं बघत उभी होती. मी मान हलवली.

ती स्टुलावर बसली. आप्पांनी चहा आणवला, सगळ्यांना एकसारख्या पेल्यांतून. मी झडप काढली, आत उंदरानं घर केलेलं, ते साफ केलं. दोन रीडा हिरव्या पडून अडकल्या होत्या. तिनं मांडीवर सूप घेतलं होतं की नाही ते आता आठवत नाही. बहुतेक नाही, देवळात विड्या नको म्हणून. थंडी होती तरी पायात काही नव्हतं तिच्या, पाय मारताना ती अनवाणीच बसायची. वारा चांगला येत होता. मंद्रातले सूर लावून झाले, मधल्याला हात घातला.

आणि वारा थांबला.

मी आतून म्हटलं, दाब की गं.

काही नाही. मी परत म्हटलं. सूर हळूहळू खाली येत विझला. मला राग आला. डोकं बाहेर काढलं तर ती स्टुलावर तशीच बसलेली, उजवा पाय जमिनीवर, डावा फळीवर. फळीवरचा अंगठा आणि बोटं वळवून काठाखाली घातलेली. तोंडाकडं बघितलं तर मला वाटलं हिला चक्कर आली.

"काय झालं?"

तिनं स्टूल मागं सरकवलं. लुगड्याचा काष्टा आवळला आणि सरळ फरशीवर उताणी झोपली. डोकं पेटीखाली घातलं. मंडळाचे चार-पाच जण खांबांशी बसले होते, ते उठून उभे राहिले. परकी बाई, देवळात, पुरुषांदेखत फरशीवर पडलेली. एकानं विचारलं, भोवळ आली काय वो. मी म्हटलं थांबा. मला पण काही कळत नव्हतं, पण थांबा म्हटलं.

खालून तिचा आवाज आला. "अवो. हात घाला हितं."

मी गुडघ्यावर बसलो. तिनं माझा हात धरून काठाखाली नेला. बोटाला लागल्या. चार खाचा, एकाला एक लागून. कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. माझं बोट त्यात जाईना, इतक्या लहान. पायपेटीच्या फळीला असल्या खाचा कुठलाही मिस्त्री करत नाही. पायाला त्यांचा काही उपयोगच नाही.

मी तरी म्हटलं, "आकडा बसत न्हाय गं."

"आकडा ऱ्हाऊ दे तुमचा," ती म्हणाली. तिनं आपली बोटं खाचांत घातली. नुसती टोकं मावली.

मग मी जे आधी करायला पाहिजे होतं ते केलं, बत्ती घेऊन फळ्या नीट बघितल्या. उजवी फळी हलक्या लाकडाची, रंगवलेली. डावी सागवानी. उजवीची बिजागरी लोखंडी, डावीची पितळी, जुन्या घडणीची. डावीचे स्क्रू नंतरचे, नवे. मी आप्पांना विचारलं, ही फळी कधी बदलली होती का. आप्पांना आठवलं. मागं एकदा सप्त्यात डावी फळी मधोमध चिरली होती. तेव्हा निपाणीकडून एक फिरता मिस्त्री यायचा, त्याच्याजवळ पोतंभर जुनं सामान असायचं. त्यानं पोत्यातली एक फळी काढून बसवली. बसली, चालली, मग कुणी बघितलं नाही.

मला सगळं कळलं. आणि हे मला आधी सुचलं कसं नाही याचं नवल वाटलं, कारण पोतं माझ्याजवळ पण आहे. या भागात पेटी मोडली की कुणी टाकत नाही. एकीचा भाता दुसरीला, दुसरीच्या रीडा तिसरीला, पट्ट्या चौथीला. नवी पायपेटी मिळत नाही, म्हणून सगळे मिस्त्री असंच करतात, माझ्या मिस्त्रीनं केलं, मी करतो. आणि तेवढं करून आम्ही पाठीवरचा एक नंबर वाचून सगळ्या पेटीचं वय सांगत होतो. नंबर खरा होता. तो पाठीचा होता.

ती उठून बसली होती. केसांत धूळ, भिंतीला टेकून. म्हणाली, "मग बाकीची कुठं आसंल?"

दुसरं कुणी असतं तर काहीतरी गोड बोललं असतं. मला ते जमत नाही.

"बाकीची न्हाय गं आता," मी म्हटलं. "मोडली ती. पोत्यात गेली. रीडा कुठं, पट्ट्या कुठं, कुणालाच ठाव न्हाय. एवढीच हाय."

मंडळाच्या लोकांना आता कळलं होतं काहीतरी. आप्पा जवळ येऊन खाली बसले. विचारलं, आक्का, काय झालं, सांग. तिनं सांगितलं. बापाचा पाय, चादर, डावी फळी, पायरी, पोतं. पायरीचं सांगताना थांबली नाही, आवाज पण बदलला नाही. ऐकणाऱ्यांतला एक जण दुसरीकडं बघू लागला. आप्पा बघत राहिले तिच्याकडंच.

मग आप्पा मला म्हणाले, मिस्त्री, एक नवी फळी करून बसवा. ही काढा आणि आक्काला द्या. तिची हाय.

मी पेचकस घ्यायला उठलो. ती म्हणाली, नको.

मी म्हटलं, घे की, एवढी वर्षं शोधतीयास.

"घरात नेऊन काय करू? कोनाड्यात उभी करू?" ती म्हणाली. मग आप्पांकडं बघून म्हणाली, "माझ्या बाबाला कुणी आत घेतलं न्हाय आप्पा. आता त्येची फळी आत आलीया. ऱ्हाऊ द्या तिला हितंच."

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली. थोड्या वेळानं कुणाला तरी म्हणाले, चहा आण रे परत, निवला तो.

ती स्टुलावर जाऊन बसली. पदरानं डोकं झटकलं, दोन्ही पाय फळ्यांवर ठेवले. मी झडपेत डोकं घालायच्या आधी ती म्हणाली, "वर बसले बगा."

एवढंच. मग वारा आला आणि मी मधले सूर लावले. त्या दिवशी ती एकदाही चढलाय-उतरलाय म्हणाली नाही. मला माझ्या कानानंच लावावं लागलं, आणि दोन सूर थोडे ढिले राहिले. सप्त्यात कुणाला कळले नसतील. मला कळत होते.

त्या दिवसापासून तिनं पेट्यांच्या खाली हात घालणं सोडलं. मी मात्र वाढवलं. नंबर वाचतो, पण मग फळ्या वेगळ्या बघतो, भाता वेगळा, बिजागऱ्या, स्क्रू, रीडांचं पितळ, सगळ्याचं वय वेगवेगळं. कुणी विचारलं पेटी कधीची, तर मी विचारतो, कुठली बाजू? लोकांना वाटतं म्हातारा तिरका बोलतो. वाटू दे.

दरवर्षी सप्त्याच्या आधी आम्ही त्या गावाला जायचो. काम असो नसो. आप्पा गेले, त्यांचा मुलगा पुढारी झाला, तरी बोलावणं चुकलं नाही. ती डाव्या फळीच्या बिजागरीला स्वतः तेल घालायची. मला हात लावू देत नव्हती. मी एकदा फळीला नवं चामडं मारत होतो तर म्हणाली, काठ झाकू नका. म्हटलं, मला कळतंय की गं तेवढं.

मग ती आजारी पडली. पोरगा मच्छे गावातल्या कारखान्यात, त्यानं रजा काढून सगळं केलं, सुनेनं केलं. शेवटी शेवटी दवाखान्यात ती बोलत नव्हती, ओळखत पण नव्हती बहुतेक. पण तिचा डावा हात गादीच्या काठावर जायचा आणि दाबायचा. सोडायचा, दाबायचा. एका लयीत. नर्स म्हणाली, आजींना काहीतरी होतंय, अस्वस्थ आहेत, हात बांधायचा का. मी म्हटलं, बांधू नका, काम चाललंय तिचं. नर्सला काय कळणार, पण तिनं ऐकलं. मी स्टुलावर बसून माझा तळहात तिच्या हाताखाली ठेवला. तिनं बोटं वळवून काठ धरावा तशी माझी बोटं धरली आणि दाबत राहिली. मधे थांबायची. डुलकी लागली असेल. मग मी गुडघा हळूच खाटेला लावायचो, खाट जराशी हलायची, आणि ती परत दाबायला लागायची.

या वर्षी बोलावणं आलं तेव्हा मी जाणार नव्हतो. पोरगा म्हणाला जा. गेलो. आता गाडी थेट गावापर्यंत जाते. सभामंडपाला नवी फरशी आली आहे, कोपऱ्यात विजेवरची पेटी पण आहे, पण सप्त्याला अजून जुनीच काढतात. आप्पांची सून पाय मारायला बसली. तिनं विचारलं, तुमच्या आक्का न्हाईत का आल्या. मी सांगितलं. ती म्हणाली, आई गं. आणि पदर डोक्यावर घेतला.

मी झडप उघडली, शिशाचा तुकडा पट्टीवर ठेवला. ती पाय मारू लागली. जोर लावून, दणादणा, नव्या माणसासारखी. बिजागरी कुरकुरली. मी डोकं बाहेर काढलं.

"बाई, उजवा कसा बी दाबा," मी म्हटलं. "डावा जरा हळू. सासरा हाय तो माझा."

ती बघत राहिली, मग हसली. खांबाशी बसलेले पण हसले. मी पण हसलो, बऱ्याच दिवसांनी. मग तिनं डावा पाय उचलला, थंडीचा मोजा काढून बाजूला ठेवला आणि पाय परत फळीवर ठेवला, हळू.

वारा एकसारखा आला. मी तेलाची बाटली घेऊन आधी बिजागरीपाशी बसलो.